वर तहान, खाली पूर: टूमस्टोनची गोष्ट

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून तीसेक मैलांवर, टूमस्टोन नावाचे जेमतेम तेराशे वस्तीचे गाव आहे. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी दुपारी तीनच्या सुमारास तिथल्या दोन घरांमधल्या अरुंद मोकळ्या जागेत नऊ माणसे समोरासमोर आली. अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या सुटल्या आणि तीन जण मेले. त्या अर्ध्या मिनिटावर पुस्तकांमागून पुस्तके आणि चित्रपटांमागून चित्रपट निघाले. आज गावाची चूलही त्यावरच पेटते.

मला मात्र टूमस्टोनचा इतिहास पाण्याचा इतिहास वाटतो. जमिनीवर प्यायला पाणी नाही आणि जमिनीखाली पाचशे फुटांवर उपसता उपसत नाही इतके पाणी, अशा कात्रीत हे गाव सापडले. त्याच कात्रीने ते घडवले आणि मोडले. टँकरची वाट पाहणारी गावे ज्यांनी पाहिली आहेत त्या मराठी वाचकांना ही गोष्ट परकी वाटायची नाही.

एड शिफेलिन हा ओरेगॉनमध्ये वाढलेला, लहानपणापासून सोन्याचांदीच्या मागे रानोमाळ भटकणारा माणूस. १८७७ साली तो सैनिकांच्या एका तुकडीबरोबर वाचुका डोंगरांच्या पायथ्याशी नव्यानेच उभारलेल्या लष्करी तळावर आला. तिथून तो सॅन पेद्रो नदीपलीकडच्या उघड्याबोडक्या टेकड्यांत एकटाच हिंडू लागला. हा मुलूख अपाचे लोकांचा. तिथे तुला एकच दगड सापडेल आणि तो तुझ्या कबरीचा असेल, असे सैनिकांनी त्याला बजावल्याचे सांगतात. टेकड्यांत चांदीच्या धातुकाचे तुकडे हाती लागले तेव्हा एडने आपल्या पहिल्या दाव्याला नाव दिले ‘टूमस्टोन’, म्हणजे कबरीचा दगड, आणि दुसऱ्याला ‘ग्रेव्हयार्ड’. पुढे तेच पहिले नाव सगळ्या मुलखाला चिकटले.

खिशात पैसा नव्हता. ॲरिझोनाच्या दुसऱ्या टोकाला एका खाणीवर काम करणाऱ्या ॲल या भावाला शोधत तो गेला. तिथे रिचर्ड गर्ड नावाचा धातुपरीक्षक होता. त्याने नमुने तपासले. त्यांतल्या सर्वांत चांगल्या नमुन्यात टनामागे सुमारे २,००० डॉलरची चांदी निघाली. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसत्या शब्दावर तिघांनी समान भागीदारी केली, आणि ती पुढे कुणी मोडली नाही. खाणींच्या जगात हे दुर्मीळच म्हणायचे. १८७८ मध्ये ‘लकी कस’ आणि ‘टफ नट’ या खाणी मिळाल्या. शेजारी ‘कंटेन्शन’ आणि ‘ग्रँड सेंट्रल’ उभ्या राहिल्या. १८७९ च्या मार्चमध्ये खाणींलगतच्या सपाट पठारावर गावाची आखणी झाली.

ही जागा रिकामी कशी झाली हे मात्र बहुतेक पर्यटन-पुस्तिका सांगत नाहीत. कोचीस हा चिरिकाहुआ अपाचेंचा मोठा पुढारी. १८७२ च्या तहाने त्याच्या लोकांना ड्रॅगून आणि चिरिकाहुआ डोंगरांतला त्यांचाच मुलूख राखीव म्हणून मिळाला होता. १८७४ मध्ये कोचीस वारला आणि दोनच वर्षांत सरकारने राखीव मुलूख मोडून त्या लोकांना उत्तरेला सान कार्लोसच्या रखरखाटात हलवले. ते हलवणारा सरकारी अधिकारी होता जॉन क्लम. एडला चांदी सापडली ती या हकालपट्टीनंतर साधारण वर्षभराने, त्या मुलखाच्या अगदी वेशीवर. पुढे टूमस्टोनभोवती नवा जिल्हा निर्माण झाला तेव्हा त्याला नाव दिले कोचीस. ज्याच्या माणसांना हुसकावले त्याचेच नाव नकाशावर ठेवायचे, ही रीत अमेरिकेत जागोजाग दिसते आणि दर वेळी ती मला अस्वस्थ करते. हाच क्लम पुढे टूमस्टोनला आला, १ मे १८८० रोजी त्याने ‘टूमस्टोन एपिटाफ’ हे वर्तमानपत्र काढले आणि १८८१ साली तो गावाचा महापौर झाला.

चांदी होती, पाणी नव्हते. धातुक कुटून चांदी वेगळी करायला पाणी लागते, म्हणून कुटण्याच्या गिरण्या आठ-दहा मैलांवर सॅन पेद्रोच्या काठी बांधाव्या लागल्या. खेचरांच्या लांबलचक जोड्या धातुकाने भरलेल्या गाड्या ओढत नदीकडे जायच्या. त्या गिरण्यांभोवती चार्ल्सटन, मिलव्हिल, कंटेन्शन सिटी अशी गावे उठली. आज तिथे पडक्या भिंतींखेरीज काही नाही. टूमस्टोनला पिण्याचे पाणी पिंपांतून गाडीने यायचे आणि विकत घ्यावे लागायचे. दारू स्वस्त आणि पाणी महाग, अशी गावाची तऱ्हा होती.

याची किंमत लवकरच मोजावी लागली. २२ जून १८८१ रोजी एका गुत्त्यात व्हिस्कीच्या पिंपाजवळ कुणाची तरी पेटती चिरूट गेली. वाफेने पेट घेतला आणि साठाहून अधिक दुकाने-व्यवसाय जळाले. विझवायला पाणीच नव्हते. लोकांनी महिन्याभरात बाजार पुन्हा उभा केला. ११ महिन्यांनी, मे १८८२ मध्ये, पुन्हा आग लागली आणि या वेळी शंभरावर व्यवसाय गेले. तोवर वाचुका डोंगरांतल्या झऱ्यांचे पाणी सुमारे २५ मैल लोखंडी नळाने गावात आणण्याचा उद्योग सुरू झाला होता. डोंगर उंच, गाव त्याच्या खाली, त्यामुळे पाणी केवळ उताराने वाहत यायचे. वाळवंट ओलांडणारी ही नळवाहिनी त्या काळी साधी गोष्ट नव्हती. टूमस्टोनमधली सर्वांत मोलाची वास्तू कोणती असे मला कुणी विचारले तर मी कुठलीही इमारत न दाखवता या नळाकडे बोट दाखवीन.

१८८२ च्या आसपास गावात किती माणसे होती याचे अंदाज पाच हजारांपासून दहा हजारांच्याही पुढे जातात. जुगाराचे अड्डे आणि वेश्यावस्ती होतीच, पण कॅलिफोर्नियाहून येणारे ताजे मासे, बर्फ, नाटकमंडळ्या हेही होते. ॲल शिफेलिनने १८८१ साली मातीच्या कच्च्या विटांचे भव्य सभागृह बांधले. तिथे सभ्य लोकांची नाटके व्हायची. असभ्यांसाठी त्याच वर्षाअखेर ‘बर्ड केज’ हे नाट्यगृह उघडले. दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत.

नेली कॅशमन ही आयरिश बाई मला या गर्दीत सर्वांत जास्त आवडते. ती खाणावळ चालवायची, आजारी खाणकामगारांची शुश्रूषा करायची, चर्चसाठी आणि इस्पितळासाठी वर्गणी गोळा करायची, आणि त्यासाठी जुगाराच्या टेबलांपाशीही हात पसरायला लाजायची नाही. १८८३ च्या डिसेंबरात शेजारच्या बिस्बी गावात दरोडा पडून चार जण मारले गेले. पाच जणांना टूमस्टोनच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. दिवस ठरला २८ मार्च १८८४. एका माणसाने फाशी पाहायला तिकीट लावून बसायची लाकडी गॅलरी उभारली. माणसाचे मरण विकायला काढले याचा नेलीला संताप आला. आदल्या रात्री तिने काही खाणकामगारांना हाताशी धरून ती गॅलरी मोडून टाकली, असे गाव आजही अभिमानाने सांगते. सहाव्या आरोपीला, जॉन हीथला, जमावाने महिनाभर आधीच तुरुंगातून ओढून तारेच्या खांबाला लटकवले होते. नेली आणि तो जमाव, दोन्ही याच गावाचे.

आता ते अर्धे मिनिट. त्या प्रांतात ‘काऊबॉय’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, कारण सरहद्दीपलीकडून गुरे चोरून आणणाऱ्या टोळ्यांना तो लागे. गुरेवाल्यांचा एक तट, व्यापारी आणि खाणमालकांचा दुसरा. क्लमचा ‘एपिटाफ’ व्यापाऱ्यांचा, तर ‘नगेट’ हे पत्र गुरेवाल्यांच्या आणि शेरीफ बेहानच्या बाजूचे. गावाच्या हद्दीत हत्यार घेऊन फिरायला मनाई करणारा नियम १८८१ च्या एप्रिलपासून लागू होता. ऑक्टोबरच्या त्या दुपारी गावचा मार्शल व्हर्जिल अर्प हा वायट आणि मॉर्गन या भावांना आणि डॉक हॉलिडे या दातांच्या डॉक्टरला घेऊन गुरेवाल्यांच्या तटातल्या क्लँटन आणि मॅकलॉरी मंडळींची हत्यारे काढून घ्यायला निघाला. पुढारी व्हर्जिल होता, वायट नव्हे. टॉम आणि फ्रँक मॅकलॉरी आणि १९ वर्षांचा बिली क्लँटन ठार झाले. बाचाबाचीला ज्याने तोंड फोडले तो आइक क्लँटन पळून वाचला. व्हर्जिल आणि मॉर्गनला गोळ्या लागल्या, हॉलिडेला चाटून गेली, वायटला ओरखडाही नाही. चकमक ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या ओ. के. कोरल या तबेल्यात ती झालीच नाही. तबेल्याच्या मागच्या दारापासून काही घरे पलीकडे, फ्रीमाँट रस्त्यालगत, फ्लाय नावाच्या छायाचित्रकाराच्या घराशेजारी ती झाली.

न्यायाधीश वेल्स स्पायसरने महिनाभर साक्षी ऐकून अर्पबंधूंवर खटला चालवण्याइतका पुरावा नसल्याचा निर्णय दिला. वैर मात्र मिटले नाही. डिसेंबरात अंधारातून झाडलेल्या गोळ्यांनी व्हर्जिलचा हात कायमचा निकामी केला. मार्च १८८२ मध्ये बिलियर्ड खेळत असताना मॉर्गनला पाठीमागून गोळी घातली. मग वायटने कायदा बाजूला ठेवून संशयितांना हुडकून मारले आणि ॲरिझोना सोडले. यात शौर्य कमी आणि सूडाची साखळी जास्त आहे. मृतांची बाजूही तितकीच खरी मानून ही हकिगत वाचली पाहिजे, असे मला वाटते.

फ्लायविषयी मात्र आणखी दोन वाक्ये लिहायलाच हवीत. मार्च १८८६ मध्ये जनरल क्रूक सोनोराच्या डोंगरांत जेरोनिमोशी बोलणी करायला गेला तेव्हा फ्लाय आपला जड कॅमेरा आणि काचा घेऊन सोबत गेला. सरकारशी अजून लढत असलेल्या, शरण न आलेल्या अपाचेंची ती छायाचित्रे जगातली तशी एकमेव मानली जातात. त्याच सप्टेंबरात जेरोनिमो शरण आला आणि चिरिकाहुआ लोकांना युद्धकैदी म्हणून फ्लोरिडाला रवाना केले गेले. गोळीबार त्याच्या दारात झाला खरा, पण फ्लायचे नाव टिकायला हवे ते या छायाचित्रांसाठी.

गाव गोळ्यांनी मेले नाही, पाण्याने बुडाले. १८८१ मध्येच एका खाणीत सुमारे ५२० फुटांवर पाणी लागले होते. सुरुवातीला मंडळी खूश झाली. आता धातुक नदीवर न्यायला नको, गिरण्या गावातच चालतील. पण जितके खोल जावे तितके पाणी वाढे. ग्रँड सेंट्रल आणि कंटेन्शन या दोन बड्या खाणींनी प्रचंड वाफेचे पंप बसवले. जमिनीखाली सगळ्या खाणींचे पाणी एकच, त्यामुळे दोघींनी उपसायचे आणि बाकीच्यांनी कोरड्या पायांनी चांदी काढायची, असा प्रकार झाला. खर्च वाटून घ्यायला कुणी पुढे येईना. एकाच ओढ्यावरच्या शेतकऱ्यांत जे भांडण होते तेच इथे पाचशे फुटांखाली झाले. १८८४ मध्ये कंपन्यांनी कामगारांची मजुरी दिवसाला ४ डॉलरवरून ३ डॉलर केली. संप झाला, गावातली एक बँक बुडाली, लष्कर आले, संप मोडला. मग २६ मे १८८६ रोजी ग्रँड सेंट्रलची पंपांची इमारत जळाली. एकट्या कंटेन्शनच्या पंपाला पाणी आवरेना. उपसा थांबला आणि पाणी चढत गेले.

चांदी संपली नव्हती. ती पाण्याखाली होती, आणि भाव चढता असता तर कुणी ना कुणी नवे पंप बसवलेच असते. पण भाव गडगडत होता, आणि त्याचा शेवटचा मोठा तडाखा चक्क आपल्याकडून गेला. हिंदुस्थान हे जगातल्या चांदीचे फार मोठे गिऱ्हाईक. कुणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि ठरलेली मजुरी देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. २६ जून १८९३ रोजी इंग्रज सरकारने ती बंद केली. काही दिवसांतच अमेरिकेत चांदी औंसामागे ८० सेंटच्या वरून ६५ च्या खाली घसरली. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनेही चांदीची सक्तीची खरेदी थांबवली. पश्चिमेतल्या कितीतरी खाणींना टाळी लागली. टूमस्टोनच्या बुडालेल्या खाणी उपसणे आता कुणाच्या हिशेबात बसेना. आपल्या फोर्टातल्या टांकसाळीचे दार लागले आणि त्याचा धक्का ॲरिझोनाच्या वाळवंटात पोचला, ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवी. १९०० च्या जनगणनेत गावात साडेसहाशेच्या आसपास माणसे उरली होती.

एकदा पुन्हा प्रयत्न झाला. १९०१ मध्ये खाणी एकत्र करून नवी कंपनी निघाली, मोठे पंप आले, १९०३ मध्ये रेल्वे आली. लोक परतले. १९०९ मध्ये पंप बंद पडले, पाणी पुन्हा वर आले आणि १९११ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. एकूण चांदी किती निघाली याचे अंदाज चार कोटी डॉलरपासून साडेआठ कोटींपर्यंत आहेत. खाली किती राहिली, ते पाण्याखालीच आहे.

१९२९ हे वर्ष गावाला वळण देणारे. जानेवारीत वायट अर्प लॉस एंजेलिसला वारला. जिल्ह्याचे ठाणे मतदानाने बिस्बीकडे गेले, म्हणजे सरकारी कचेऱ्यांचा आधारही गेला. त्याच ऑक्टोबरात गावाने आपला पन्नासावा वाढदिवस ‘हेल्डोराडो’ नावाच्या जत्रेने साजरा केला. दोन वर्षांनी स्टुअर्ट लेकचे वायटला देव्हाऱ्यात बसवणारे चरित्र आले, १९४६ मध्ये जॉन फोर्डचा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ हा चित्रपट, १९५७ मध्ये ‘गनफाइट ॲट द ओ. के. कोरल’. प्रवासी येऊ लागले आणि गाव वाचले. १९६१ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले.

फीनिक्स किंवा टूसॉनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांकडे गेलेले आईबाबा हल्ली अशी ठिकाणे आवर्जून पाहतात. त्यांना एक सुचवतो. टूसॉनहून साधारण ७० मैल आहे. सुरुवात ॲलन स्ट्रीटवरच्या बंदूकबाजीने करू नका. आधी १८८२ चे लाल विटांचे न्यायालय पाहा. जिल्ह्याचा सगळा संसार इथे मांडून ठेवला आहे आणि मागच्या अंगणात फाशीचा खांब पुन्हा उभारलेला आहे. मग सेंट पॉल चर्च. १८८२ च्या जानेवारीत एंडिकॉट पीबॉडी हा विशीतला तरुण धर्मोपदेशक इथे आला, सहा महिने राहिला आणि ते बांधून घेतले. पुढे त्याने काढलेल्या ग्रोटन शाळेत फ्रँकलिन रूझवेल्ट शिकला.

‘गुड इनफ’ खाणीत खाली उतरता येते. ते चुकवू नये, कारण गाव जिच्यासाठी वसले ती जमीन आतून पाहायला मिळते. बर्ड केजमध्ये वरच्या पडदे लावलेल्या खोल्या आणि गोळ्यांची भोके दाखवतात. १८८५ साली स्कॉटलंडहून आलेल्या कलमापासून लावलेला पांढऱ्या फुलांचा लेडी बँक्स गुलाब चौथ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. एकाच खोडाचा मांडव हजारो चौरस फूट पसरला असून गिनीजने त्याला जगातला सर्वांत मोठा गुलाब म्हटले आहे. वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास तो फुलतो. वाळवंटात तो जगला याचे श्रेयही डोंगरातून आलेल्या पाण्याला द्यायला हरकत नाही.

बूटहिल दफनभूमीत मॅकलॉरी बंधू आणि बिली क्लँटन शेजारी शेजारी आहेत. तिथेच चिनी वस्तीची पुढारीण ‘चायना मेरी’ आहे. ती १९०६ मध्ये वारली. ज्यू नागरिकांच्या स्मरणार्थ १९८४ मध्ये एक स्मारकही तिथे उभे राहिले. गमतीदार ओळींच्या लाकडी फळ्यांशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, पण त्यांतल्या बऱ्याच फळ्या दफनभूमीच्या विसाव्या शतकातल्या डागडुजीनंतरच्या आहेत. गोळीबाराचा प्रयोग कोरलच्या भिंतींआड रोज होतो. खऱ्या चकमकीचा काही भाग भिंतीबाहेरच्या फ्रीमाँट रस्त्यावर झाला होता. आता त्यावरून ८० क्रमांकाचा राज्यमार्ग जातो.

खरे आणि नाटकी यांची ही सरमिसळ इतकी वाढली की २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाने ऐतिहासिक दर्जा धोक्यात असल्याचा इशारा दिला. नव्या इमारतींवर जुनी साले रंगवणे हा आक्षेपांपैकी एक होता. तो इशारा योग्यच होता. ज्या गावाकडे अस्सल इतके आहे त्याने नकली रंगवायची गरज काय?

शिफेलिन १८९७ मध्ये ओरेगॉनमध्ये वारला. आपल्याला भटकंतीच्या कपड्यांत, कुदळ आणि पाण्याच्या चंबूसह टूमस्टोनच्या पश्चिमेच्या टेकडीवर पुरावे अशी त्याची इच्छा होती. ती पुरी केली. गावापासून थोड्या अंतरावर दगडांचा मनोरा आहे, तिथे फार कमी लोक जातात.

आणि तो नळ? २०११ च्या उन्हाळ्यात वाचुका डोंगरांत वणवा लागला. झाडे जळून उघडी पडलेली माती पावसाबरोबर खाली आली, दरडी कोसळल्या आणि झऱ्यांवरची बांधकामे आणि नळाचे तुकडे वाहून गेले किंवा दगडमातीखाली गाडले गेले. तो भाग संरक्षित अरण्यात येतो, तिथे यंत्रे न्यायला परवानगी लागते. वन विभाग आणि गाव यांचे त्यावरून बिनसले. गाव न्यायालयात गेले आणि तातडीची परवानगी मिळवण्यात हरले. जून २०१२ मध्ये स्वयंसेवक हातात फावडी घेऊन डोंगरात चढले आणि दगडगोटे हटवत १८८० च्या दशकातला तो नळ हाताने मोकळा करू लागले.